लोकलमधून पडलेल्या माणसाचा हक्क

दिव्यात राहणाऱ्यांना सकाळची लोकल म्हणजे काय, हे सांगावे लागत नाही. दारात लटकून गेलेला मुलगा संध्याकाळी घरी आला की आईचा जीव भांड्यात पडतो. ९ जून २०२५ रोजी दिवा-मुंब्रा दरम्यान दारातले प्रवासी रुळांवर पडले आणि काहींचा जीव गेला. अशी वेळ कोणावरही येऊ शकते, म्हणून हे वाचून ठेवा.

मी परिचारिका असताना एका रुग्णालयात रात्रपाळीला गाडीतून पडलेला एक तरुण आणला गेला. "आधी पोलिसांचा कागद आणा," असे त्याच्या भावाला मीच सांगितले. तिथली पद्धतच तशी होती. तरुण वाचला, पण त्याचा पाय गेला. पाय त्या अर्ध्या तासामुळेच गेला का, हे मी सांगू शकत नाही. पण तो अर्धा तास आम्ही वाया घालवला, हे खरे.

कायदा तेव्हाही त्याच्याच बाजूने होता. जखमीवर आधी उपचार, पोलिसांचे सोपस्कार नंतर. डॉक्टर सरकारी असो वा खासगी, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच सांगितले होते. १९९२ मध्ये पश्चिम बंगालात एक मजूर गाडीतून पडला. खाट नाही, सोय नाही, असे सांगत एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी त्याला परत पाठवले. १९९६ मध्ये न्यायालयाने ठरवले की, सरकारी रुग्णालयाने तातडीचे उपचार नाकारणे हा संविधानाच्या कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचा भंग आहे. पैसे नाहीत ही सरकारची सबब चालणार नाही. आम्हाला वॉर्डात हे कोणी सांगितले नव्हते.

अपघात झाला तर १०८ वर रुग्णवाहिका बोलवा, रेल्वेला १३९ वर कळवा. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने घट्ट दाबून धरा. मान-पाठीला मार असेल तर ओढाओढ करू नका. तुटलेला अवयव स्वच्छ कापडात गुंडाळून पिशवीत बांधा आणि ती पिशवी बर्फात ठेवा. अवयवाला थेट बर्फ लावू नका.

मग कागद. रेल्वे कायद्याच्या कलम १२४-अ प्रमाणे गाडीतून चुकून पडलेल्या प्रवाशाला भरपाई मिळते. मृत्यू झाल्यास ही रक्कम आठ लाख रुपये आहे. जखमींसाठी दुखापतीप्रमाणे ठरते. "दारात उभा होता, चूक त्याचीच" असे कोणी म्हणाले तर खचू नका. नुसत्या निष्काळजीपणामुळे दावा बुडत नाही. तिकीट सापडले नाही एवढ्यावरूनही दावा फेटाळता येत नाही, असे २०१८ मध्ये रीनादेवी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे. रूळ ओलांडताना झालेला अपघात मात्र यात सहसा बसत नाही.

तिकीट किंवा पास, स्टेशन मास्तरांचा मेमो, पंचनामा, रुग्णालयाचे कागद, मृत्यू असल्यास शवविच्छेदन अहवाल, या सगळ्यांच्या प्रती जपा. रेल्वे दावा न्यायाधिकरणाकडे एक वर्षाच्या आत अर्ज करा. वकिलाला पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना आणि स्त्रियांना तिथे मोफत वकील मिळतो.

निकाल दिल्लीत लागतो, पण जखमीजवळ उभ्या माणसाला तो माहीत असेल तरच उपयोगी पडतो. पुढच्या रविवारी विहारात हे पान मोठ्याने वाचा. आमच्यासारख्या परिचारिकांनाही ऐकवा.