जंतू दिसू लागतात तेव्हा

२०१०च्या ऑक्टोबरमध्ये हैतीतल्या आर्तिबोनित नदीकाठी कॉलरा फुटला. जानेवारीतल्या भूकंपानं देश आधीच मोडलेला. शंभर वर्षांत तिथं या रोगाची नोंद नव्हती. धडधाकट माणसं काही तासांत जुलाब-उलट्यांनी सुकून जात होती. कुणीतरी करणी केली, असा संशय पसरला आणि वर्ष संपण्याआधी जमावांनी निदान ४५ जणांना ठार केलं. त्यात बहुतेक वूडू या तिथल्या धर्माचे पुरोहित होते. पूर्वी पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ आली की मरीआईचा गाडा शिवेपार नेणाऱ्या आपल्या गावांना ही भीती परकी वाटू नये.

अशा वेळी 'पाणी उकळून प्या' एवढ्यानं भागत नाही. पाणी तर नितळ दिसतंय, मग त्याला भ्यायचं का? हा प्रश्न रास्त आहे. २०११ मध्ये ग्लोबल हेल्थ मीडिया प्रोजेक्टनं काढलेल्या 'द स्टोरी ऑफ कॉलरा' या पाच मिनिटांच्या आतल्या ॲनिमेशनपटानं नेमका तोच हाताळला. एक मुलगा आरोग्यसेविकेच्या मदतीनं बापाला वाचवतो आणि मग गावाला सावध करतो, एवढीच गोष्ट. पण योनी गुडमन यांच्या चित्रांत जंतू डोळ्यांना दिसतात. निवेदन बदललं की तीच चित्रं दुसऱ्या भाषेत बोलू लागतात.

जुलाबात द्यायची जलसंजीवनी शिकवायला तर व्हिडिओसारखं साधन नाही, असं मला ठामपणे वाटतं. लिटरभर स्वच्छ पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. 'सपाट' म्हणजे किती, हे ऐकून नीट कळत नाही. आणि मीठ जास्त झालं तर लहान मुलाच्या जिवावर बेततं. चमच्यावरून बोट फिरवून वरचं मीठ खाली पाडताना एकदा पाहिलं की हात ते विसरत नाही. डॉ. दिलीप महालनबीस यांनी १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत अशाच साध्या मिश्रणानं असंख्य जीव वाचवले.

मात्र 'हा रोग आणला कुणी?' हा हैतीवासीयांचा प्रश्न चित्रपटाच्या आवाक्यातला नव्हता. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसैनिकांच्या तळावरचं सांडपाणी नदीत गेलं होतं. महासचिव बान की मून यांनी क्रिओल भाषेत माफी मागितली ती डिसेंबर २०१६ मध्ये. तोवर हजारो माणसं गेली होती.

तीनेक वर्षं एकही रुग्ण न सापडल्यावर ऑक्टोबर २०२२ मध्ये कॉलरा परतला. टोळ्यांनी इंधनाचं मुख्य आगार अडवून धरलं होतं. डिझेलच नसल्यानं राजधानीत पिण्याचं पाणी पोचत नव्हतं.