खडकाखालचा काळा भुंगेरा

हैदराबादच्या टेकड्यांवर दगड उलटवला की कधी कधी खाली एक काळा, टणक पाठीचा, संथ चालणारा किडा सापडतो. बघणारा त्याला झुरळ समजतो, नाही तर शेणकिडा, आणि पायातली चप्पल हातात घेतो. हा किडा झुरळ नाही, शेणकिडाही नाही. तो टेनेब्रिओनिडी कुलातला, म्हणजे डार्कलिंग भुंगेरा. या कुलात जगभरात 20,000 हून अधिक जाती आहेत, आणि त्यांच्याविषयी गैरसमजही भरपूर आहेत.

ओळखायची खूण पावलांत आहे. पुढच्या दोन जोड्यांच्या पावलांना पाच-पाच पेरे असतात, मागच्या जोडीला मात्र चारच. दगडाखालीच राहणारे शिकारी भूभुंगेरे दिसायला असेच काळे असतात. पण त्यांच्या सहाही पावलांना पाच पेरे असतात आणि उजेड पडताच ते सुसाट पळतात. डार्कलिंग सहसा पळत नाही. साधे भिंग हाती असले तरी हा फरक शाळकरी मुलालाही मोजता येतो.

‘काळा किडा म्हणजे धान्याची कीड’ हा समज स्वयंपाकघरातून आला आहे. जुने पीठ चाळताना चाळणीत राहणारा तांबडा भुंगेरा, ट्रायबोलियम कॅस्टेनियम, याच कुलातला. त्याने साठवणीच्या धान्याचे फार नुकसान केले आहे. पण 2008 मध्ये भुंगेऱ्यांपैकी सर्वांत आधी ज्याचा संपूर्ण जनुकीय आराखडा प्रसिद्ध झाला, तोही हाच. अशा कोठारात शिरलेल्या जाती मोजक्या आहेत. काही जाती शेतातली कोवळी रोपे कुरतडतात, हेही खरे. उरलेला प्रचंड गोतावळा वाळका पाला, कुजके लाकूड, बुरशी, दगडफूल आणि मेलेले किडे खाऊन जगतो. जिथे माती बोटभरही जाड नाही अशा खडकाळ माथ्यावर पाल्याचा चुरा करून तो पुन्हा मातीत मिसळण्याच्या कामात या भुंगेऱ्यांचा मोठा वाटा असतो.

तो चावतो, डसतो, त्याचे विष अंगावर उठते, अशीही भीती असते. हा भुंगेरा माणसाला डसत नाही. डिवचला तर बऱ्याच जातींचे भुंगेरे शरीराच्या मागच्या टोकाकडून उग्र वासाचा स्राव सोडतात; त्यात बेंझोक्विनोन वर्गातली रसायने असतात. केरळात रबराच्या मळ्यांतल्या पाल्यात वाढणारा लुप्रॉप्स ट्रिस्टिस हा डार्कलिंग उन्हाळी सरींनंतर लाखोंच्या संख्येने घरांत शिरतो. तोही चावत नाही. अंगाखाली चिरडला गेला तर त्या स्रावाने कातडीची आग होते. बाजरीच्या कणसांवर येणारे, अंगावर फोड उठवणारे हिंगे हे वेगळ्या कुलातले. त्यांचा दोष या भुंगेऱ्याच्या माथी मारू नये.

‘हा किडा पाठीवर धुके झेलून पाणी पितो’ असे मोबाइलवर फिरणाऱ्या चित्रफितींत सर्रास सांगितले जाते. नामिब वाळवंटातला ओनिमॅक्रिस अंग्विक्युलॅरिस धुक्यात डोके खाली घालून उभा राहतो आणि पाठीवरून ओघळणारे पाणी पितो, ही नोंद 1976 मध्ये प्रसिद्ध झाली आणि ती पक्की आहे. 2001 मध्ये खडबडीत पाठीच्या दुसऱ्या एका भुंगेऱ्याविषयी असाच दावा झाला. तो फार गाजला. पुढच्या अभ्यासात मात्र स्टेनोकारा हा तसा भुंगेरा धुक्यात असे करताना दिसलाच नाही. संपूर्ण कुलात ही सवय एक-दोन जातींचीच. बाकीच्यांचा भर पाणी मिळवण्यापेक्षा असलेले पाणी राखण्यावर असतो: दिवसा फटीत, रात्री बाहेर. अनेक जातींत पाठीवरची दोन कवचे एकमेकांना कायमची जुळलेली असतात, आणि त्यांच्या खालच्या बंद पोकळीमुळे शरीरातली वाफ सहजी बाहेर पडत नाही.

पण जुळलेल्या कवचांची एक किंमत आहे. त्यांखालून पंख उघडता येत नाहीत. भारतीय द्वीपकल्पातल्या प्लॅटिनोटस प्रजातीचे भुंगेरे असेच, न उडणारे. म्हणूनच ‘टेकडी फोडली तर ते दुसरीकडे जातील’ हा समज सर्वांत घातक आहे. मधे सहा पदरी रस्ता, पलीकडे काचेच्या इमारती. चालत जाणारा बोटाच्या पेराएवढा जीव हे अंतर कापू शकत नाही.

डोंगरी जीव म्हटले की हिमशिखरे आठवतात. हैदराबाद समुद्रसपाटीपासून 540 मीटरच्या आसपास, तर बंजारा हिल्सचा माथा 672 मीटर. उंची फारशी नाही. पण खडकाचे वय थक्क करणारे आहे. सह्याद्रीचा बेसाल्ट सुमारे 6.6 कोटी वर्षांचा, हैदराबादचा ग्रॅनाइट सुमारे 250 कोटी वर्षांचा. एकावर एक तोलून ठेवल्यासारखे दिसणारे ते गोल धोंडे ज्वालामुखीने फेकलेले नाहीत. जमिनीखालीच ग्रॅनाइटच्या भेगांत पाणी मुरले, कोपरे झिजले, आणि वरची माती वाहून गेल्यावर ते उघडे पडले. या भेगांत पाला साठतो, ओल टिकते, सीताफळाची झुडपे मूळ धरतात. मेच्या उन्हात दगडाचा माथा हात टेकवू देत नाही, तेव्हा हातभर खोल फट त्या मानाने गार असते. भुंगेऱ्याला एवढेच हवे असते.

‘दुर्मीळ’ या शब्दाचाही घोटाळा होतो. सेशेल्समध्ये ग्रॅनाइटचेच एक बेट आहे, फ्रेगेट, जेमतेम दोन चौरस किलोमीटरचे. पॉल्पोसिपस हर्क्युलिअनस हा मोठा, न उडणारा डार्कलिंग जगात निसर्गतः फक्त तिथेच आहे, आपल्या बिबळ्याच्या प्रजातीतल्या झाडांवर. बेटावर तो हजारोंनी आहे, तरी दुर्मीळच. कारण दुसरे घर नाही. 1995 मध्ये तिथे उंदीर पोचले आणि सगळ्यांचा जीव टांगणीला लागला. 1996 पासून लंडनच्या प्राणिसंग्रहालयाने त्याची पैदास हाती घेतली. 2000 मध्ये बेट उंदीरमुक्त झाले.

संग्रहालयातल्या चिठ्ठीवरचे गाव म्हणजे त्या जीवाचे घर, असेही नाही. निळा वृक्षकोळी, पोसिलोथेरिया मेटॅलिका, 1899 मध्ये आंध्रातल्या गुत्तीत, रेल्वेच्या लाकूडवखारीत सापडला. बहुधा तो लाकडांबरोबर आला असावा. 2001 मध्ये तो पुन्हा दिसला तो नंद्याल आणि गिद्दलूर यांच्यामधल्या जंगलात.

सरकारी कागदात खडकाळ माळ ‘पडीक’ ठरतो, आणि पुढचे सगळे त्या एका शब्दावर होते. मार्च 2025 च्या अखेरीस हैदराबाद विद्यापीठालगत कांचा गच्चीबोवलीच्या 400 एकरांवर यंत्रे चालली. 3 एप्रिलला सर्वोच्च न्यायालयाने काम थांबवले. बातम्यांत हरणे आणि मोर आले, ते योग्यच झाले. दगडाखालच्या जिवांची मोजदादही तितकीच निकडीची आहे. याच विद्यापीठाच्या आवारात सापडलेल्या एका कोळ्याला म्युरिसिया हैदराबादेन्सिस असे शहराचे नाव मिळाले आहे. 1996 पासून ‘सोसायटी टु सेव्ह रॉक्स’ शहरातले खडक वाचवण्यासाठी झटते आहे; त्या कामाला किड्यांच्या नोंदींचीही जोड हवी.

या टेकड्यांवर फिरणाऱ्यांनी एवढे करावे: काळा भुंगेरा दिसला तर चिरडू नये, मागच्या पावलाचे पेरे दिसतील असे छायाचित्र घ्यावे, जागा आणि तारीख टिपावी, आणि उचललेला दगड त्याच खाचेत, त्याच बाजूने परत ठेवावा.