फिरत्या घरांतील फ्रिज

घर सोडून प्रवासाला निघणारा माणूस आणि घर बरोबर घेऊन निघणारा माणूस यांच्या विवंचना निराळ्या असतात. पहिल्याला मुक्कामीं जेवणाची सोय कोठें होईल एवढीच काळजी. दुसऱ्याला चूल, पाणी, अंथरूण आणि उद्यांचें दूध हें सारें आपल्याच छपराखालीं सांभाळावें लागतें. व्हॅनमध्यें बिछाना, ओटा आणि पाण्याची टाकी बसवून आठवडेच्या आठवडे फिरण्याचा प्रघात युरोप-अमेरिकेंत जुना आहे. आपल्याकडेहि तो आतां रुजूं लागला असून महाराष्ट्र शासनानें २०२१ सालीं कॅराव्हॅन पर्यटनाचें स्वतंत्र धोरण जाहीर केलें. अशी गाडी सजवितांना पलंग किती लांब असावा, पडदे कोणत्या रंगाचे असावेत, हें चटकन् ठरतें. फ्रिजपाशीं आलें कीं मात्र गाडें अडतें.

समजा, पुण्याचें एक निवृत्त जोडपें अशी व्हॅन घेऊन ताम्हिणी घाटानें कोंकणांत उतरणार आहे, तेथून गोव्याला आणि पुढें उन्हाळ्यांत नातलगांना भेटण्यासाठीं विदर्भांत जाणार आहे. बाईंना मधुमेह असून इन्शुलिन बरोबर ठेवावें लागतें. दुकानांत जातांच हीं दोघें विचारतील, किती लिटरचा आणि किंमत काय? हे दोन्ही प्रश्न घरच्या फ्रिजचे आहेत. घरच्या फ्रिजच्या पाठीशीं भिंतींतला प्लग असतो आणि त्या प्लगच्या पाठीशीं सारें वीज-मंडळ उभें असतें. गाडींतल्या फ्रिजच्या पाठीशीं फक्त एक बॅटरी असते. म्हणून येथें पहिला प्रश्न लिटरांचा नव्हे. चोवीस तासांत हें यंत्र किती वीज खाईल आणि ती कोठून येणार, हा आहे.

फ्रिज थंडी निर्माण करीत नाहीं. तो आंतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. ही उचलाठेव करण्याच्या तीन पद्धति बाजारांत आढळतात. सर्वांत स्वस्त पेट्या विजेच्या एका जुन्या शोधावर चालतात. दोन भिन्न धातूंच्या सांध्यांतून वीज वाहिली तर एक सांधा गार आणि दुसरा गरम होतो, हें पेल्तिए या फ्रेंच शास्त्रज्ञानें १८३४ सालीं दाखविलें. अशा पेटींत एका लहानशा पंख्याखेरीज हलणारा भाग नसतो, वजन हलकें असतें आणि किंमत मोहांत पाडणारी असते. परंतु ती बाहेरच्या हवेपेक्षां साधारणपणें वीसच अंश थंड होऊं शकते. महाबळेश्वरच्या थंडींत तिचें काम झकास चालेल. चंद्रपुरास बाहेर ४५ अंश असतांना आंत २५ अंश राहतील, आणि त्या तापमानांत दूध सकाळचें संध्याकाळीं नासेल. शिवाय ती बहुधा अखंड चालूं ठेवावी लागते. ५० वॅट चोवीस तास म्हणजे १,२०० वॅट-तास. १२ व्होल्टच्या बॅटरींतून १०० अँपिअर-तास. कमी काम करून जास्त खाणाऱ्या गड्यासारखी तिची गत आहे. एका दिवसाच्या सहलीला ती पुरे, संसाराला नव्हे.

दुसरी पद्धति मोठी गमतीची आहे, कारण तींत ज्योत लावून गारवा मिळवितात. बाल्ट्सार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुन्टेर्स या दोघां स्वीडिश तरुणांनीं स्टॉकहोमला विद्यार्थिदशेंतच, १९२२ सालीं, ती पूर्णत्वास नेली. अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन बंद नळ्यांत भरलेले असतात. खालून उष्णता दिली कीं अमोनिया पाण्यांतून सुटतो, वर जाऊन निवतो, द्रवरूप होतो आणि हायड्रोजनच्या सान्निध्यांत पुन्हां वायुरूप होतांना फ्रिजमधली उष्णता शोषून घेतो. मग पाणी त्याला पुन्हां पोटांत घेतें आणि रहाटगाडगें चालूं राहतें. आवाज नाहीं, मोटर नाहीं, विजेची चिंता नाहीं. युरोपांतील कॅराव्हॅनमध्यें हे फ्रिज पिढ्यान्‌पिढ्या चालत आले ते याच गुणांमुळें.

पण या रहाटगाडग्यांतला द्रव केवळ उतारानें वाहतो. गाडी तीन ते सहा अंशांहून अधिक कलती उभी राहिली, कीं प्रवाह तुंबतो आणि फ्रिज निकामी होऊं लागतो. तसाच कलता चालूं ठेवला तर कायमचा बिघडण्याचा धोका असतो. युरोपांतील सपाट, आंखून दिलेल्या तळांवर ही अट पाळणें सोपें आहे. सह्याद्रींत मुक्कामाला सपाट जागा मिळणें हेंच भाग्य! उंच प्रदेशांत हवा विरळ झाल्यानें ज्योत नीट जळत नाहीं, आणि भर उन्हाळ्यांत गारवा अपुरा पडतो. यापेक्षांहि गंभीर गोष्ट म्हणजे धुराची. झोपण्याच्या बंद जागेंत गॅस जळत राहिला आणि त्याचा धूर बाहेर जाण्याची वाट कोठें चुकली, तर रंग ना वास अशा कार्बन मोनॉक्साइडनें माणूस झोपेंतच दगावतो. म्हणून असा फ्रिज बसविणें हें जाणत्या कारागिराचें काम आहे. आपल्याकडे असे कारागीर थोडे. हाच फ्रिज गाडीच्या विजेवर चालवूं म्हटलें तर १०० वॅटांहून अधिक वीज सतत लागते. म्हणजे इंजिन चालूं असेपर्यंतच ती चैन.

उरला तिसरा, कॉम्प्रेसरचा फ्रिज. तत्त्व घरच्यासारखेंच, पण मोटर १२ किंवा २४ व्होल्टवर सरळ चालणारी. डेन्मार्कच्या डॅनफॉस कंपनीनें असे कॉम्प्रेसर नांवारूपाला आणले. हा फ्रिज घाटांतल्या चढउतारांना दाद देत नाहीं आणि बाहेर ४५ अंश असले तरी आंत ५ अंश ठेवतो. किंमत मात्र पहिल्या पेटीच्या कितीतरी पट असते, आणि त्यामुळें पुष्कळ जण आधीं स्वस्त पेटी घेतात, एक उन्हाळा पस्तावतात आणि मग हा घेतात. दोन खरेद्यांचा हिशेब केला तर महाग तोच स्वस्त ठरतो.

आतां त्याच्या खाण्याचा हिशेब. ४० ते ५० लिटरच्या फ्रिजचा कॉम्प्रेसर चालूं असतांना सुमारें ४५ वॅट घेतो असें धरूं. सुखकर हवेंत तो साधारण निम्मा वेळ चालला, तर दिवसाला ५४० वॅट-तास, म्हणजे १२ व्होल्टचे ४५ अँपिअर-तास खर्च होतात. वैशाखांतल्या नागपुरास तो अठरा तास चालला तर हाच आंकडा ६७ च्या पुढें जातो. आतां १०० अँपिअर-तासांची साधी शिशाची बॅटरी घेतली, तर तिचें आयुष्य राखण्यासाठीं निम्मीच वापरावी. म्हणजे सुखाचा एक दिवस, नागपुरी दिवस पुरा नाहींच. लिथियम आयर्न फॉस्फेटच्या तेवढ्याच बॅटरींतून ८० अँपिअर-तास निर्धास्त काढतां येतात. छपरावर २०० वॅटचें सोलर पॅनेल असेल, तर निरभ्र दिवशीं सारी घट वजा जातां ६०० वॅट-तासांच्या आसपास वीज मिळावी. ही जुळणी कोंकणांतल्या हिंवाळ्याला पुरते. आषाढांत मात्र ढगांच्या मर्जीवर राहतां येत नाहीं. तेव्हां इंजिन चालतांना बॅटरी भरून घेण्याची सोय हवीच. उन्हाळ्यांत आणखी एक पेंच असा पडतो, कीं माणसाला गाडी झाडाखालीं हवी असते आणि पॅनेलला उन्हांत!

या हिशेबाला कंटाळून कांहीं जण घरगुतीच फ्रिज गाडींत चढवितात आणि इन्व्हर्टरवर चालवितात. ही कल्पना अगदींच वेडेपणाची नाहीं. मोठी बस असेल, बॅटऱ्या भरपूर असतील, तर तो स्वस्तांत पडतो. पण इन्व्हर्टर कांहीं काम नसतांनाहि वीज पीत असतो. त्याचे नुसते १५ वॅट धरले तरी दिवसाचे ३६० वॅट-तास वरखर्चांतच जातात. लहान व्हॅनला हा सौदा परवडत नाहीं.

वरून झांकणाची पेटी घ्यावी कीं समोरून दाराचें कपाट, यावर हौशी प्रवाशांत मोठे वाद झडतात. थंड हवा जड. दार उघडतांच ती ओघळून जाते, म्हणून पेटीच उत्तम, असें एक पक्ष म्हणतो. म्हणणें खरें, पण त्याचें माप घेतलें पाहिजे. ५० लिटर हवा वजनानें साठ ग्रॅमसुद्धां भरत नाहीं. तितकी कोरडी हवा ३० अंशांवरून ५ अंशांवर आणण्यास जी मेहनत पडते, तिच्या सुमारें सत्तर पट मेहनत एक लिटर कोमट दूध तितकेंच गार करण्यास पडते. कोंकणच्या दमट हवेंत वाफेमुळें हवेचा खर्च दुपटीहून अधिक वाढतो. तरीहि खरा खर्चिक पाहुणा दूधच. तेव्हां तापविलेलें दूध आधीं बाहेर निवूं द्यावें, बाजारांतून आणलेलें पाणी रात्रींच्या गारव्यांत ठेवून मग आंत न्यावें. पेटी आणि कपाट यांत निवड करावयाची ती वाकण्याच्या सोयीवरून. तळाशीं गेलेली मिरच्यांची पुडी काढण्यासाठीं सारी पेटी उपसण्याचा कंटाळा साठीनंतर फार जाणवतो.

फ्रिज कोणताहि असो, त्याच्या पाठीला मोकळी हवा मिळाली पाहिजे. फर्निचर देखणें दिसावें म्हणून सुतार त्याला चहूंबाजूंनीं फळ्यांत चिणतो. मग तो स्वतःच टाकलेली उष्णता पुन्हां उचलीत बसतो. तारांचीहि तीच कथा. १२ व्होल्टच्या विजेला बारीक, लांब तार सोसत नाहीं. वाटेंत अर्धापाऊण व्होल्ट गळतो, बॅटरी रिकामी झाली असा फ्रिजचा समज होतो आणि बॅटरी भरलेली असतांनाहि तो बंद पडतो. बिघाड म्हणून परत आलेल्या फ्रिजांत दोष तारेचा असावा, ही शंका आधीं घ्यावी. सिगारेट पेटविण्याच्या खांचेंत बसविलेला प्लग खड्ड्यागणिक सैल होतो. बॅटरीपासून फ्यूज घालून निराळी जाड तार ओढणें हेंच शहाणपणाचें.

इन्शुलिनसाठीं आणखी सावधगिरी हवी. न उघडलेल्या कुप्या २ ते ८ अंशांत ठेवाव्या लागतात. वापरांत असलेली कुपी बहुधा चारएक आठवडे बाहेर टिकते, पण ती ज्या खोलींत टिकते ती ३० अंशांखालची हवी. उन्हांत उभ्या व्हॅनला तें नांव देतां येणार नाहीं. उष्णतेइतकेंच भय गोठण्याचें. एकदां गोठलेलें इन्शुलिन वितळल्यावर पूर्ववत् दिसलें तरी तें टाकूनच द्यावें. लहान फ्रिजमध्यें थंड पत्र्याला लागून असलेली जागा शून्याच्या खालीं सहज जाते आणि बाहेरचा आंकडा मात्र ५ दाखवीत राहतो. म्हणून कुप्या डब्यांत घालून, पत्र्यापासून दूर, मधोमध ठेवाव्या आणि त्याच डब्यांत एक निराळा तापमापक असावा.

राहिला लिटरांचा प्रश्न, आणि तो आतां सोपा आहे. तूप, लोणचें, कांदेबटाटे, लिंबें, चटण्या, टोमॅटो यांना फ्रिजची गरज नाहीं. उरलेल्या दुधाला रात्रीं विरजण लावलें कीं सकाळीं त्याचेंहि ओझें उतरतें. दोन माणसांना दूध, दही, थोडी पालेभाजी, औषधें आणि हर्णैच्या बंदरावर मोह झालाच तर एक वेळची सुरमई, एवढ्याला ४० लिटर पुष्कळ झाले. मोकळ्या राहणाऱ्या जागेंत पाण्याच्या बाटल्या भराव्या. दिवसां गाडी धांवत असतांना फ्रिज २-३ अंशांवर लावून त्या थंडगार कराव्या आणि रात्रीं कळ ६ वर आणावी. मग कॉम्प्रेसर क्वचित् चालतो, उशापाशीं घुरघुर होत नाहीं आणि बॅटरीचाहि भार हलका होतो. कुप्यांच्या डब्यांतला तापमापक या वेळीं २ च्या खालीं उतरत नाहींना, तेवढें पाहावें.

प्रवासाला निघण्यापूर्वीं आठवडाभर आधीं फ्रिज गाडींत बसवून, भरून, घराच्या प्लगला हात न लावतां दोन दिवस दारांत चालवून पाहावा. सकाळीं, दुपारीं आणि रात्रीं बॅटरीचा आणि आंतल्या तापमापकाचा आंकडा वहींत टिपावा. दुसऱ्या रात्रीं बॅटरी तग धरीत नसेल तर पुण्यांत दुकान उघडें असतें, ताम्हिणींत नसतें.