वार्धक्य आणि शरीरातील घड्याळ

वृद्ध माणसे लवकर निजतात व पहाटेच उठून बसतात, हा सर्वांच्या परिचयाचा अनुभव आहे. त्यावरून, वय वाढले की शरीरातील घड्याळ जलद चालू लागते, असे अनुमान पूर्वी शास्त्रज्ञही करीत. ते कितपत ग्राह्य आहे, हे प्रथम पाहू.

डोळ्यांकडून येणारे मज्जातंतू मेंदूच्या तळाशी जेथे परस्परांना छेदतात, त्याच्या किंचित वर मज्जापेशींचे दोन लहान पुंजके असतात. निद्रा, शरीराचे तापमान व मेलाटोनिन या संप्रेरकाचा स्राव यांची दैनिक लय ते राखतात. १९९९ साली चार्ल्स झाइस्लर व त्यांच्या सहकाऱ्यांनी, बाहेरील दिवसरात्रीचा मागमूस लागणार नाही अशा स्थितीत तरुण व वृद्ध व्यक्तींना ठेवून, या लयीचे आवर्तन मोजले. दोन्ही गटांत ते सरासरी सुमारे २४ तास ११ मिनिटे भरले. अर्थात घड्याळाची गती वयपरत्वे बदलते, असे म्हणता येत नाही.

बदल होतो तो अन्यत्र. तापमानाचा दैनिक चढउतार मंदावतो; रात्रीचा मेलाटोनिनचा स्राव बहुधा घटतो; झोपेची व जागे होण्याची वेळ अलीकडे सरकते. शिवाय नेत्रभिंग पिवळसर होत गेल्याने, हे घड्याळ ज्याच्या आधारे सूर्याशी जुळवून घेते तो निळा प्रकाश आत कमी पोचतो.

भाषाभ्यासकाला याचे महत्त्व आहे. सिंथिया मे, लिन हॅशर व त्यांच्या सहकाऱ्याने १९९३ साली सकाळी तरतरीत असणारे वृद्ध आणि सायंकाळी तरतरीत असणारे तरुण निवडून त्यांच्या स्मरणशक्तीची परीक्षा घेतली. दुपार कलल्यावर तरुण पुष्कळ पुढे होते. सकाळी मात्र दोन्ही गटांत अंतर आढळले नाही.

बोलींच्या सर्वेक्षणात आपला मुख्य आधार वयोवृद्ध निवेदकच असतो. सायंकाळी त्यास एखादा जुना शब्द आठवला नाही, एवढ्यावरून तो बोलीतून लुप्त झाला असे नोंदविणे घाईचे ठरेल. यास्तव नोंदवहीत निवेदकाच्या वयाशेजारी मुलाखतीची वेळही लिहावी आणि न मिळालेल्या शब्दांची विचारणा दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा करावी. वेळेचा दोष वयाच्या माथी मारला गेला, तर बोलीचे आपले वर्णनच सदोष होईल.