हत्यारांनाही घर हवे

निवृत्तीनंतर सुतारकामाचा छंद लावून घेणारे बरेच जण असतात. मोठ्या हौसेने करवत, रंधा, पटाश्या, ड्रिल मशीन घरी येते. पहिला बेत ठरतो तो टीपॉयचा किंवा पुस्तकांच्या कपाटाचा. लाकूड स्टुलावर ठेवून एकाने कापायचे, दुसऱ्याने धरायचे. स्टूल हलते, करवत रेषा सोडते. चार रविवारांत हौस फिटते आणि हत्यारांची पिशवी माळ्यावर जाते. पावसाळा संपल्यावर खाली काढावी, तर पात्यांवर गंज!

इथे हात चुकत नाही, क्रम चुकतो. घरासाठी काही करण्याआधी कामाच्या जागेसाठी करायला हवे. आणि त्यातही सर्वांत आधी, टेबल.

आपले जुने सुतार जमिनीवर बसून, पायाने लाकूड दाबून धरून काम करत. ते कसब लहानपणापासून अंगात मुरलेले असे. साठीत सुरुवात करणाऱ्याच्या गुडघ्यांना ते झेपणारे नाही. त्याला उभ्याने काम करण्याजोगे टेबल हवे. त्याची उंची किती असावी? सरळ उभे राहा, हात सैल सोडा आणि जमिनीपासून मनगटापर्यंत मोजा. मध्यम उंचीच्या माणसाला हे माप ८० सेंटीमीटरच्या आसपास येते. टेबल याहून फार उंच झाले, तर रंधा मारताना अंगाचा भार मिळत नाही, नुसते खांदे दुखतात. फार बुटके झाले, तर कंबर धरते.

आठ बाय चार फुटांचे, १८ मिलिमीटर जाडीचे एक प्लायवूड घ्या. दुकानातच त्याचे चार बाय दोन फुटांचे चार तुकडे करून घ्या. दोन तुकडे एकमेकांवर चिकटवले की टेबलाचा भक्कम वरचा भाग झाला. तिसऱ्याचे कोपरे पायांच्या मापाने कापून खालचा कप्पा करा. चौथा भिंतीवर, हत्यारांसाठी. पायांना पाडकामातून निघालेले जुने सागवान उत्तम. ते वर्षानुवर्षे वाळलेले असल्याने सहसा पिळवटत नाही. मात्र कापण्याआधी आत खिळे राहिले नाहीत ना, हे नीट पाहा. रंध्याचा जोर लांबीच्या दिशेने येतो, म्हणून पायांना त्या दिशेने आडव्या पट्ट्या हव्यातच. जड सामान खालच्या कप्प्यात ठेवा. त्या वजनाने टेबल जागचे हलत नाही.

आता भिंतीवरचा तुकडा. प्रत्येक हत्याराला त्यावर एक खुंटी द्या आणि हत्याराभोवती पेन्सिलीने त्याची आकृती काढा. संध्याकाळी एखादी आकृती रिकामी दिसली, की पटाशी कुठेतरी भुशात पडली आहे हे लगेच कळते. नातवाच्या पायाला लागून कळण्यापेक्षा हे बरे. धारेची हत्यारे मुलांच्या हाताला लागणार नाहीत इतकी उंच ठेवा आणि त्यांची पाती झाकलेली असू द्या. पावसाळ्याच्या तोंडावर पात्यांवरून मशीनच्या तेलाचा बोळा फिरवा.

डबे, स्क्रू, रंग यांसाठी फळ्या लागतील. फळी लांबलचक करण्याचा मोह होतो. पण दोन आधारांमधले अंतर दुप्पट केले, तर तेवढ्याच वजनाने फळी आठपट वाकते. उलट जाडी दुप्पट केली, तर वाक आठव्या हिश्श्यावर येतो. म्हणून महागडे लाकूड आणण्यापेक्षा मधे एक आधार वाढवा. लांब लाकडे भिंतीला टेकवून उभी ठेवू नका, ती वाकतात. जमिनीपासून वर, ओल न लागणाऱ्या भिंतीपाशी, तीन-चार आधारांवर आडवी ठेवा.

दोन गोष्टींना मात्र घरात अजिबात थारा देऊ नका. पहिली, लाकडाची बारीक धूळ. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये ती माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांत नोंदवली आहे. मास्क लावा, खिडकी उघडी ठेवा, ओल्या फडक्याने पुसून घ्या. दुसरी, जवसाच्या तेलात भिजलेली फडकी. हे तेल वाळताना उष्णता सोडते. फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकली, तर ती उष्णता आत कोंडते आणि काडी न लावताही पेट घेऊ शकते. अशी फडकी बाहेर मोकळ्यावर पसरून वाळवावीत, किंवा पाणी भरलेल्या झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाकावीत.

एवढे सगळे करण्यात टीपॉय लांबणीवर पडणार, हे खरे. पण टेबल करता करता माप घेणे, सरळ कापणे, काटकोनात जोडणे हे सारे हाताला वळण लावून जाते. पहिल्या चुका त्या टेबलातच राहतात, दिवाणखान्यात येत नाहीत. आणि खंडेनवमीला पूजा करायची झाली, तर हत्यारे माळ्यावरून शोधून काढावी लागत नाहीत. ती आपापल्या खुंटीवर असतात.