चौतिसाव्या वर्षी पुन्हा दप्तर घेताना

दुपारची झाकपाक झाली, मुलं शाळेत, ‘हे’ कामावर. घड्याळात दोन वाजलेले. अशा वेळी तुमच्याही मनात येत असेलच, की आता आपण काहीतरी शिकावं, चार पैसे स्वतःचे मिळवावेत. त्यातून सासूबाईंच्या आजारपणात पथ्यपाणी नि गोळ्यांच्या वेळा तुम्ही नीट सांभाळलेल्या असतात. डॉक्टर सहज म्हणून जातात, “वहिनी, तुम्ही नर्सच व्हायला हवं होतं!” बोलणारा विसरतो, आपल्या मनात मात्र ते घर करून राहतं.

श्रीगोंद्यातल्या माझ्या एका मैत्रिणीचं असंच झालं. वय ३३, शिक्षण बारावी आर्ट्स, पदरात दोन मुलं. तिनं एक जाहिरात पाहिली: एका वर्षात नर्सिंग, आठवड्यातून तीनच दिवस हजेरी, नोकरीची हमी. भिशीचे आणि पाटल्या मोडून आलेले असे ४० हजार रुपये तिनं भरले. वर्ष संपलं, सोनेरी शिक्क्याचं सर्टिफिकेट हातात आलं. ते घेऊन ती नगरला एका दवाखान्यात गेली, तर तिथल्या सिस्टरनी एकच विचारलं, “कौन्सिलचं रजिस्ट्रेशन कुठंय?” ते नव्हतंच. त्या कोर्सनं ते कधी मिळणारच नव्हतं. पुढं कितीतरी दिवस ती खचून होती. खऱ्या कोर्सची चौकशी केली तेव्हा पस्तिशी उलटून गेलेली. पैसे गेले त्याचं तिला आता फारसं वाटत नाही. ती दोन वर्षं गेली, त्याचं वाटतं.

म्हणून मैत्रिणींनो, फी किती आणि एस.टी. किती वाजता, हे विचारण्याआधी एक प्रश्न विचारा: हा कोर्स संपल्यावर माझं नाव कुठं नोंदलं जाणार?

नर्स व्हायचं असेल तर

एएनएम, म्हणजे सहायक परिचारिका व प्रसाविका, हा दोन वर्षांचा कोर्स. कुठल्याही शाखेची बारावी चालते, पण इंग्रजी विषय हवा. जनरल नर्सिंग, म्हणजे जीएनएम, तीन वर्षांचं. बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचं, आणि त्याला बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी लागतं. हे कोर्स केले की महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नाव नोंदवता येतं, आणि त्या नोंदणीवरच तुम्ही कायद्यानं नर्स ठरता. मात्र भारतीय परिचर्या परिषदेनं प्रवेशाला ३५ वर्षांची मर्यादा घातली आहे. तुम्ही ३२-३३च्या असाल, तर “धाकटा जरा मोठा होऊ दे, मग बघू” असं म्हणून हे पुढं ढकलू नका. मुलं मोठी होतीलच, पण हे दार तुमच्यासाठी थांबणार नाही.

हा कोर्स पत्रानं किंवा सवडीनं होत नाही बरं का. वॉर्डात प्रत्यक्ष काम करावं लागतं, पाळ्या असतात, बऱ्याच ठिकाणी वसतिगृहात राहावं लागतं. तेव्हा घरच्यांशी आधीच स्पष्ट बोला.

पस्तिशी उलटली असेल तर

तर हातपाय गाळू नका. बारावी सायन्स झालेली असेल, तर औषधशास्त्राची पदविका, म्हणजे डी.फार्म., पाहा. दोन वर्षांचा कोर्स आणि त्यानंतर ५०० तासांचं प्रत्यक्ष काम. प्रवेशाला वयाची वरची मर्यादा नाही. पुढं महाराष्ट्र राज्य फार्मसी कौन्सिलकडे नोंदणी झाली, की मेडिकल दुकानात फार्मासिस्ट म्हणून काम करता येतं, आणि परवाना काढून आपलं दुकानही टाकता येतं. रात्रपाळी नको असणाऱ्या गृहिणीला हे सोयीचं. हाही कोर्स रोज कॉलेजात जाऊनच करावा लागतो. घरबसल्या डी.फार्म. देतो म्हणणाऱ्याच्या पायरीलाही उभ्या राहू नका.

शिक्षण दहावीच असेल, तर रुग्ण सहायकाचे काही महिन्यांचे कोर्स असतात. आजाऱ्याला उठवणं-बसवणं, अंग पुसणं, ताप-नाडी पाहणं हे त्यात शिकवतात. म्हाताऱ्या माणसांना घरी सांभाळायला अशा बायका पुण्या-नगरकडे लागतात. काम सन्मानाचं आहे, पण नर्सचं नाही, आणि कोर्स चालवणारा तसं सांगत असेल तर तो फसवतोय.

तालुक्याच्या एखाद्या गावात राहत असाल, तर आशा स्वयंसेविकेचं काम आहे. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून ते सुरू झालं. बाई त्याच गावची रहिवासी हवी. प्रशिक्षण टप्प्याटप्प्यानं होतं, घर सोडून वर्षानुवर्षं राहावं लागत नाही. पण ठरलेला पगार धरून चालू नका. मोबदला बराचसा कामावर मिळतो.

आणि बारावीच राहिली असेल तर? १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसा, किंवा राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून परीक्षा द्या. मुलाबरोबर आई परीक्षेला बसली, तर हसणारे चार दिवस हसतील.

या वयात डोक्यात शिरेल का?

याचं उत्तर आपल्याच जिल्ह्यात आहे. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेडला काम सुरू केलं. त्यांनी आसपासच्या खेड्यांतल्या बायका आरोग्यसेविका म्हणून निवडल्या. पुष्कळजणी संसारात मुरलेल्या, आणि कित्येकींनी शाळेचं तोंडही पाहिलेलं नव्हतं. त्या जामखेडला येऊन शिकायच्या आणि गावात जाऊन तेच करायच्या: बाळंतपणं, मुलांची वजनं, कुष्ठरोगाची नि क्षयाची ओळख. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला, त्यात या बायकांच्या कष्टांचाही वाटा होता.

तेव्हा शिकायला वय आड येत नाही. आड येतो तो नियम. म्हणून मनाशी लढण्याआधी नियम वाचून घ्या.

पैसे भरण्याआधी

संस्थेचं नाव परिषदेच्या मान्यताप्राप्त यादीत आहे का, ते स्वतः पाहा; याद्या मोबाईलवरही मिळतात. दाखवलेल्या कागदावर विसंबू नका. प्रवेशाचे नियम बदलत असतात, तेव्हा चालू वर्षाचं माहितीपत्रक मागा. ग्रामीण रुग्णालयातल्या एखाद्या सिस्टरना गाठा आणि विचारा, “ताई, या कोर्सवर तुमच्याकडे घेतात का?” जाहिरात सांगणार नाही ते त्या दोन मिनिटांत सांगतील. पैशांची पावती घ्या. आणि घरात बसून कागदावर मांडा: सकाळचा डबा कोण करील, धाकट्याला शाळेतून कोण आणील, परीक्षेच्या दिवसांत पाहुणे आले तर काय.

माझी मैत्रीण आता रुग्ण सहायकाचा कोर्स करते आहे. या वेळी पैसे भरण्याआधी तिनं इतके प्रश्न विचारले, की ऑफिसातला माणूस वैतागून म्हणाला, “बाई, तुम्ही शिकायला आलात की तपासणीला?”

ती म्हणाली, “आधी तपासणी. मग शिकणं.”

तुम्हीही तेच करा.