मुलांची किडनी : सहा गैरसमज आणि वस्तुस्थिती

अमरावती-अकोल्यात किडनीचा विषय निघाला की बोलणं खारपाणपट्ट्यावर, म्हणजे खाऱ्या भूजलाच्या भागावर जातं आणि मोठ्या माणसांपाशीच थांबतं. लहान मुलांच्या किडनीबद्दल मात्र अर्धवट समजुतीच जास्त आहेत. त्यापायी उपचाराचा मोलाचा वेळ वाया जातो.

गैरसमज : किडनीचा आजार मोठ्यांचा.
वस्तुस्थिती : मोठ्यांमध्ये मधुमेह आणि रक्तदाब ही मुख्य कारणं असतात, मुलांची कारणं वेगळी. मुलांच्या दीर्घकालीन किडनी-विकारांपैकी साधारण निम्मे मूत्रमार्गाच्या किंवा किडनीच्या जन्मजात दोषांमुळे होतात. काही मुलग्यांच्या मूत्रमार्गात जन्मतः पडदा असतो. लघवीची धार बारीक असेल, थेंब थेंब होत असेल किंवा लघवी करताना बाळ जोर लावत असेल, तर डॉक्टरांना दाखवावं. गरोदरपणातल्या सोनोग्राफीतही असे काही दोष दिसतात.

गैरसमज : सगळा दोष खारपाणाचा.
वस्तुस्थिती : पूर्णेच्या खोऱ्यातलं, दर्यापूर, अकोट, तेल्हारा भागातलं भूजल क्षारयुक्त आहे आणि शुद्ध पाण्याची मागणी रास्तच आहे. पण मुलांच्या अंगावर सूज आणणारा नेफ्रोटिक सिंड्रोम पाण्याने होत नाही. युरोप-अमेरिकेत दर लाख मुलांमागे वर्षाला साधारण २ ते ७ मुलांना तो नव्याने होतो. ब्रिटन आणि कॅनडात वाढणाऱ्या दक्षिण आशियाई वंशाच्या मुलांमध्ये मात्र त्याचं प्रमाण तिथल्या गोऱ्या मुलांच्या कित्येक पटींनी जास्त आढळलं. नळ तोच, पाणी तेच, तरी फरक राहिला.

गैरसमज : हे आजार जगभर सारखेच.
वस्तुस्थिती : फिनलंडमध्ये सुमारे ८,००० जन्मांमागे एका बाळाला जनुकदोषामुळे जन्मजात नेफ्रोटिक सिंड्रोम होतो; इतरत्र तो अतिशय दुर्मिळ आहे. आफ्रिकी वंशाच्या मुलांमध्ये स्टेरॉइडला दाद न देणारा प्रकार तुलनेने जास्त दिसतो. घसादुखी किंवा त्वचेवरच्या फोडांनंतर येणाऱ्या किडनीच्या सुजेचे जगात दरवर्षी अंदाजे ४ लाख ७० हजार रुग्ण होतात आणि त्यातले सुमारे ९७ टक्के गरीब देशांत. म्हणजे कुठे वंश, तर कुठे दाटीवाटीची घरं आणि अस्वच्छता निर्णायक ठरते.

गैरसमज : आकडा श्रीमंत देशांत मोठा, म्हणजे आजारही तिथेच जास्त.
वस्तुस्थिती : किडनी निकामी झालेल्या मुलांची मोजणी बहुतेक ठिकाणी डायलिसिस किंवा प्रत्यारोपण झालेल्यांवरून होते. जिथे उपचार पोचतात तिथली मुलं नोंदवहीत येतात. जे मूल निदानाआधीच दगावतं ते कुठल्याच आकड्यात येत नाही. नोंद कमी म्हणून आजार कमी, असं मानता येत नाही.

गैरसमज : सूज म्हणजे कुपोषण किंवा ॲलर्जी.
वस्तुस्थिती : मेळघाटात कुपोषणाने सूज येते, हे खरं. पण सकाळी डोळ्यांभोवती सूज, मग पोट आणि पाय सुजणं, लघवीला फेस येणं ही नेफ्रोटिक सिंड्रोमचीही लक्षणं आहेत. यात लघवीवाटे प्रथिनं मोठ्या प्रमाणावर जातात. कुपोषणाच्या सुजेत तशी जात नाहीत. त्यामुळे लघवीच्या तपासणीने बराचसा उलगडा होतो. फोडांनंतर काही आठवड्यांनी सूज आली आणि लघवी काळ्या चहासारखी झाली, तर त्याच दिवशी रक्तदाबही मोजून घ्यावा.

गैरसमज : स्टेरॉइड नको, सूज उतरली की औषध बंद.
वस्तुस्थिती : नेफ्रोटिक सिंड्रोम झालेल्या १०० पैकी ८० हून अधिक मुलांना स्टेरॉइडने गुण येतो. पहिल्या वेळी ते सहसा १२ आठवडे चालतं. मध्येच अचानक सोडणं धोक्याचं आहे. आजार पुन्हा उलटू शकतो, म्हणून घरी लघवी तपासून वहीत नोंद ठेवायला डॉक्टर शिकवतात. बहुतेक मुलांचा त्रास मोठं होता होता थांबतो आणि किडनी शाबूत राहते.

गरोदर बाईच्या लघवीतली प्रथिनं ज्या पट्टीने आपल्या उपकेंद्रात तपासतात, तीच पट्टी सुजलेल्या मुलालाही चालते. त्यामुळे मुलाचा चेहरा सुजलेला दिसला तर उतारा, गंडादोरा किंवा जडीबुटी करत बसू नये. प्राथमिक आरोग्य केंद्रात जावं आणि ही तपासणी आग्रहाने मागावी. प्रथिनं आढळली तर विलंब न करता बालरोगतज्ज्ञांकडे जावं.